खवले मांजर म्हणजे ‘कोकणातला आर्माडिलो’ नव्हे!

रानवाट: काल एकाने इथे लिहिलं, ‘खवले मांजर (पँगोलिन) हा कोकणातला आर्माडिलोच, पिंजऱ्यात जोड्या वाढवा, ते संपायचा प्रश्न मिटला.’ डोकं फिरलं वाचून. आर्माडिलो अमेरिकेतला, त्याचं कवच हाडाचं, तोंडात दात. आपल्याकडच्याला एक दात नाही आणि खवले आपल्या नखांसारखे केराटिनचे. नात्याने ते कुत्र्या-मांजरांना जवळचं. मुंग्या-वाळवीवर जगणारं जनावर, मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू. पिंजऱ्यात किती वाढवणार?

देवरुखकर: ओडिशात नंदनकाननच्या प्राणिसंग्रहालयात झालीत की पिल्लं. ते का गाळलंत?

रानवाट: झाली, मान्य. पण सोडणार कुठे? दर उन्हाळ्यात डोंगर तोडून बोडके करताय.

कातळसडा: ‘करताय’ कुणाला म्हणता? सातबारा आमच्या नावावर आहे. तोड दिली म्हणून बहिणीचं लग्न उभं राहिलं. वानरांनी काजू आणि डुकरांनी भात संपवला, तेव्हा तुमच्यापैकी कोण आलं होतं?

देवरुखकर: अगदी! माझ्या तीस नारळांवर वानरांनी एक शहाळं ठेवलं नाही. पंचनाम्याला खेटे घालून चपला झिजल्या.

रानवाट: वानरांचा विषय कुठून आला? खवले मांजर तुमचा एक दाणा खात नाही, उलट वाळवी खातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद.

कातळसडा: कायदा आम्हालाच शिकवा. खवले विकत घेणारा शहरातून येतो.

गुहागरची माई: भांडू नका रे. मी दहा वर्षांची असताना काकांनी बिळात धूर घातला. मादी बाहेर आली आणि पिल्लाला पोटाशी घेऊन गोळा झाली. वाघापासून वाचायची ती युक्ती, पण माणसाने तिला नुसती उचलून पोत्यात टाकली. रात्री वाडीत मटण शिजलं. मी जेवले नाही. पिल्लाचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही.

रानवाट: माई, २०१६ मध्ये जोहान्सबर्गला देशोदेशींच्या परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. २०२० मध्ये चीनने अधिकृत औषधांच्या यादीतून खवले काढले. तरी चोरटा धंदा चालूच आहे. गावाने राखलं तरच राहील.

कातळसडा: माझ्या पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेला एक बीळ आहे. तेवढी दहा गुंठे यंदा तोडीला देत नाही. माईंच्या त्या पिल्लासाठी सोडतोय, तुमच्या कायद्यासाठी नाही. आणि डुकरांचं काय करायचं, ते अजून कुणी बोललेलं नाही.