ब्रास, ब्लूग्रास, चेंबर : मराठीत काय लिहावे?

प्रश्न (लेक्सिंग्टन, केंटकी)

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी अंकासाठी एक टिपण लिहिते आहे आणि तीन शब्दांवर अडले आहे. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी दुपारी संपणारा संगीताचा कार्यक्रम आहे. त्यात ब्रास, ब्लूग्रास आणि चेंबर म्युझिक असे तिन्ही प्रकार आहेत. हा सगळा भागच अशा कार्यक्रमांचा आहे. इथून पाऊण तासावर डॅनव्हिल नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९९० पासून जूनमध्ये ठिकठिकाणचे ब्रास बँड जमत आले आहेत. लोक सेंटर कॉलेजच्या हिरवळीवर चादरी पसरून, डबे सोडून दिवसभर ऐकत बसतात. आणि ब्लूग्रास हे तर केंटकी राज्याचेच टोपणनाव.

अंक वाचतात ते बहुतेक आमच्याकडे उन्हाळ्यात राहायला येणारे आईवडील आणि सासूसासरे. म्हणून मसुदा आधी सासूबाईंना वाचून दाखवला. पहिल्याच ओळीला त्यांनी थांबवले. "ब्रास म्हणजे वाळूचा असतो तो?" पुढे चेंबर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नाशिकच्या घराच्या मागल्या अंगणातले ड्रेनेजचे झाकण आले. ब्लूग्रासमध्ये बँजो वाजतो म्हटल्यावर मात्र त्या खूश झाल्या, "आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत असतो तसाच ना?" तोही तसा नाही.

मी पितळी संगीत, निळतृण संगीत आणि कक्षसंगीत असे शब्द करून पाहिले. वाचताना मलाच परके वाटले. काय करावे?

उत्तर (नाशिक)

ताई, सासूबाईंचे बरोबर आहे. मी बांधकामात तीस वर्षे काढली. वाळू, खडी, मुरूम मोजताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशी आणि पत्र्याच्या कामात १०० चौरस फुटालाही ब्रासच म्हणतात. त्यामुळे नुसते "ब्रासचा कार्यक्रम" लिहिलेत तर अर्ध्या महाराष्ट्राला ट्रॅक्टर दिसेल. "ब्रास बँड" असे जोडून लिहा, अडचण तिथेच मिटते. लग्नाच्या पत्रिकेत आणि बँडवाल्यांच्या गाडीवर हा शब्द आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत.

उत्तर (सांगली)

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम (ट्यूबाच्या जातीचे, पण आकाराने लहान वाद्य) वाजवायचे, म्हणून "पितळी" या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

"पितळी वाद्ये" म्हटले की मराठी माणसाला आधी टाळ, झांज आणि देवळातली घंटा आठवते. ही सगळी आपल्या जुन्या वर्गीकरणात घन वाद्ये, आघात करून वाजवायची. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा मात्र सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची. तेव्हा "पितळी वाद्ये" या शब्दाने वाचक भजनात जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट अशी की इंग्रजीतला ब्रास हा शब्दही धातूवर नीट बसत नाही. सॅक्सोफोन पितळेचाच असतो, तरी तो ब्रासमध्ये धरत नाहीत, कारण त्याचा आवाज तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पातीतून निघतो. अडोल्फ साक्सने १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून तो लाकडी सुषिर वाद्यांच्या रांगेत, क्लॅरिनेटशेजारी बसतो. चांदीची बासरीही तिथेच. ब्रासची खरी खूण म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ. ओठ घट्ट मिटून ते मुखनळीवर थरथरवायचे आणि त्या थरथरीचा नळीत सूर होतो. वडील रियाजाला बसायचे तेव्हा आधी दहा मिनिटे नुसती मुखनळी हातात घेऊन भुणभुण करायचे. आम्हा मुलांना तो भुंग्याचा आवाज वाटे. म्हणून अर्थ सांगायचाच असेल तर "ओठांच्या थरथरीवर वाजणारी धातूची वाद्ये" असे एकदा लिहा आणि पुढे ब्रास वाद्ये हाच शब्द वापरा.

मोह होईल तो "तुतारी" लिहायचा. कृपया लिहू नका. तुतारी आपली आहे, शिंगाच्या जातीची आहे, पण तिला कळा नसतात. फुंकीच्या जोरावर निघतील तेवढेच मोजके सूर. ट्रम्पेटला तीन कळा असतात, त्यामुळे सगळे बारा सूर निघतात. हा भेद नुसता कोशातला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाचे चिन्ह "तुतारी वाजवणारा माणूस" होते, आणि अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेट या चिन्हाचे मराठी नावही "तुतारी" असेच दिले गेले. दिंडोरीत त्या ट्रम्पेटला लाखावर मते पडली. साताऱ्यात त्याला पडलेली मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. वर्तमानपत्रे त्याला पिपाणी म्हणू लागली, तेही चूकच, पण निदान वेगळे तरी. एका शब्दाच्या ढिलाईने किती लोकांचा गोंधळ होऊ शकतो ते तेव्हा दिसले.

उत्तर (मिरज)

ब्लूग्रासविषयी सांगते, कारण "निळतृण" वाचून राहवले नाही.

आमच्या मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यामुळे किराणा हा शब्द इथे दोन ठिकाणी कानावर पडतो, वाण्याच्या दुकानात आणि मैफलीत. गाण्यातला किराणा हे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावाचे नाव. कोणी त्याचे भाषांतर केले नाही आणि कोणाचा गोंधळही होत नाही, कारण त्याच्यामागे "घराणे" हा शब्द चालत असतो. ग्वाल्हेर, पतियाळा, जयपूर-अत्रौली, सगळी गावेच. ब्लूग्रासही तसेच आहे.

त्याची कथा पाहा. बिल मन्रो हा केंटकीच्या पश्चिमेकडच्या रोझीन गावचा, जन्म १९११. त्याने आपल्या वादकसंचाला राज्याच्या टोपणनावावरून "ब्लू ग्रास बॉइज" नाव दिले आणि १९३९ मध्ये तो संच नॅशव्हिलच्या "ग्रँड ओल ओप्री" या रेडिओ कार्यक्रमात वाजू लागला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्यात आला आणि त्या संगीताला आजचा चेहरा मिळाला. पुढे १९५० च्या दशकात लोक "त्या ब्लू ग्रासवाल्यांसारखे वाजवा" असे म्हणू लागले आणि संचाचे नाव प्रकाराचे नाव झाले. गंमत म्हणजे ज्या भागात या नावाचे गवत आणि घोड्यांची कुरणे आहेत तो ब्लूग्रास प्रदेश लेक्सिंग्टनच्या आसपासचा, म्हणजे ताई, तुमचा. रोझीन त्या प्रदेशात येतच नाही. गवतही मूळचे युरोपकडून आलेले आणि पाने हिरवीच, फक्त तुऱ्यावर आले की निळसर झाक दिसते. अशा शब्दाचे "निळे गवत" केले तर गवत, निळाई आणि गाव, तिन्ही चुकतात. ब्लूग्रास तसेच ठेवा.

मग मागे कोणता शब्द जोडायचा? "घराणे" मला चालणार नाही. घराण्याला गुरुशिष्यपरंपरा आणि गंडाबंधन (गुरूने शिष्याला दोरा बांधण्याचा विधी) लागते. "संगीत" चालेल. पण स्क्रग्जच्या बँजोवादनासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, बाज, म्हणजे वाजवण्याची ढब. सतारीचा मसीतखानी बाज, तबल्याचा पूरब बाज, तसा बँजोचा स्क्रग्ज बाज. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तिन्ही बोटांत नख्या घालून तो इतक्या झपाट्याने तारा छेडतो की प्रत्येक मात्रेत सूर भरलेले असतात, मध्ये कुठे फट राहत नाही. हे वाचून सतारीच्या माणसाला लगेच कळेल.

आता बँजो. सासूबाई म्हणतात तो आपला बेंजो हा खरे तर बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानमधला ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात तयार झालेला. टंकलेखन यंत्रासारख्या कळा एका हाताने दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. अमेरिकेतला बँजो म्हणजे गोल चामड्याच्या पडद्यावर लांब दांडी आणि पाच तारा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या वाद्यांच्या आठवणीतून तो घडवला. दोन्ही वाद्यांचा नात्याने काही संबंध नाही, नाव तेवढे एक. माझ्या मते मिरवणुकीतल्या वाद्याला बेंजो आणि तुमच्याकडच्याला बँजो असे लिहून पहिल्यांदा एक ओळ खुलासा द्यावा.

उत्तर (फोंडा, गोवा)

चेंबरचे मूळ सांगतो. लॅटिनमध्ये "कामेरा" म्हणजे कमानीचे छत असलेली खोली. त्यातूनच इंग्रजी चेंबर आले, फोटोचा कॅमेरा आला (आधी ती खरोखरच एक अंधारी खोली होती) आणि पोर्तुगीज "कामारा"वरून हिंदीतला कमरा आला. बातम्यांत "इन कॅमेरा सुनावणी" असते तिचाही अर्थ बंद खोलीतली सुनावणी. पुष्कळांना वाटते की चित्रीकरण चालले आहे.

युरोपात एके काळी संगीताची तीन ठिकाणे मानत, देऊळ म्हणजे चर्च, नाटकगृह आणि राजवाड्यातला दिवाणखाना. तिसऱ्याचे ते चेंबर. म्हणून मला "दिवाणखानी संगीत" हा शब्द आवडतो, पण आज तो पुरा पडत नाही. आता हे संगीत हजार माणसांच्या सभागृहातही वाजते, तरी त्याला चेंबरच म्हणतात. ठिकाण गेले, बांधणी उरली. ती अशी की मोजके वादक असतात, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ असते, ती दुसरा कोणी वाजवत नाही आणि काठी हलवणारा संचालक नसतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा), एक चेलो (त्याहून मोठा, बसून वाजवायचा) ही त्यातली सर्वांत मान्य मांडणी. चौघे एकमेकांच्या श्वासावर आणि डोळ्यांवर चालतात.

आणि हे तुमच्या टिपणासाठी महत्त्वाचे आहे. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा असा पाच जणांचा संच असतो, तो ब्रासही आणि चेंबरही. म्हणजे हे तीन शब्द एका मापाचे नाहीतच. एक धातूवरून आला, एक गवतावरून, एक खोलीवरून. त्यांना "तीन घराणी" किंवा "तीन शैली" म्हणू नका.

आमच्याकडे ब्रास बँड फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, पहाटे गावभर वाजत फिरतो, त्या फेरीला आल्व्होराद म्हणतात. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सूरलिपी शिकलेली मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिन आणि ट्रम्पेट घेऊन बसली. तेव्हा मराठी कानाला हे आवाज नवे नाहीत, शब्दच तेवढे मागे राहिले.

पुन्हा प्रश्न (लेक्सिंग्टन)

मनापासून आभार. मग चेंबरला "बैठकीचे संगीत" म्हणावे का? बैठकीची लावणी आणि फडाची लावणी हा भेद वाचकांना माहीत आहे. आणि वीकेंडला "सप्ताहांत" चालेल का?

उत्तर (मिरज)

बैठकीने अंतर बरोबर कळते, जवळ बसून, बारकावे ऐकत. पण आपल्या बैठकीत एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे साथीला. चेंबरमध्ये साथीदार कोणीच नाही, चौघेही धनी. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, तो शब्दाखाली दडपू नका. "चेंबर संगीत" ठेवा आणि पुढे "बैठकीसारखे, पण साथीदार नसलेले" असे सांगा. चार वादकांना "चौकडी" मात्र लिहू नका. तिच्यामागून चांडाळ येतोच.

उत्तर (नाशिक)

सप्ताहांत नको. आमच्या गावी सप्ताह म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. त्याच्या अंती काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद असतो. "शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार" हे तुम्हीच वर लिहिले आहे, त्याहून सोपे काही नाही.

प्रश्नकर्तीकडून (लेक्सिंग्टन)

नवा मसुदा असा झाला आहे:

"शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, तीन दिवसांचा संगीत महोत्सव. पहिल्या दिवशी ब्रास बँड, म्हणजे ओठांच्या थरथरीवर वाजणाऱ्या ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा अशा वाद्यांचा ताफा. शनिवारी केंटकीचे ब्लूग्रास संगीत, बँजो, मेंडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास घेऊन. हा बँजो मिरवणुकीतला बेंजो नव्हे. रविवारी चेंबर संगीत, चार वादक, चार स्वतंत्र ओळी, मुख्य कलाकार कोणी नाही. बसायला सतरंजी आणावी."

सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवला. यावेळी त्या फक्त फिडलपाशी थांबल्या.

उत्तर (सांगली)

फिडल म्हणजे व्हायोलिनच, लाकूड तेच, तारा त्याच. नाचाच्या आणि गावाकडच्या गाण्याला धरला की फिडल, कागदावरचे स्वर वाचून वाजवला की व्हायोलिन. आपल्याकडेही जुनी माणसे व्हायोलिनला फिडल म्हणत. शनिवारच्या ओळीत फिडल आणि रविवारच्या ओळीत व्हायोलिन लिहा, आणि सासूबाईंना सांगा, वाद्य एकच आहे, शनिवारी ते अंगणात असते आणि रविवारी दिवाणखान्यात.