मदत हवी आहे: रात्री काढलेला मोसंबीचा रस सकाळी कडू का होतो?

जालन्याहून मावसभावाने अर्धं पोतं मोसंबी पाठवलीय. आंबे बहाराची (आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुललेली), साल अजून हिरवट. सासूबाईंना सकाळी चहाआधी रस लागतो आणि मी सहाची लोकल पकडते, म्हणून रात्रीच काढून फ्रीजमध्ये ठेवते. सोलायच्या, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवायच्या आणि पिठाच्या नाही, चहाच्या गाळणीने गाळायचं.

रात्री चाखला तर साखरेसारखा. सकाळी पहिला घोट बरा, मग पॅरासिटामॉलची गोळी चघळल्यासारखा कडूपणा घशाशी चिकटून बसतो. साखर घातली, सैंधव घातलं, स्टीलऐवजी काचेची बाटली घेतली, लिंबूही पिळलं. एकदा टिकावा म्हणून उकळला, तर तेव्हाच कडू झाला! सासूबाई फ्रीजला दोष देतात. पण गाजराचा रस त्याच कप्प्यात दुसऱ्या दिवशीही ठीक असतो. पाच आकडी किमतीचा स्लो ज्यूसर घेऊ का? (नवरा कसलाही रस पितो, त्याचं मत धरू नये.)

प्रतिसाद १
ताई, ज्यूसर राहू द्या. फोडींवरचे पापुद्रे आणि बिया यांत बिनचवीचं एक द्रव्य असतं. रस काढला की आंबटाशी त्याची गाठ पडते आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. ते कडू. याला काही तास लागतात, म्हणून रात्री गोड. उष्णतेने हेच झटपट होतं. लिंबू पिळून तुम्ही आंबटपणा वाढवलात, तो काय कामाचा! मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात ते वेगळंच. रसवाला मोसंबी आडवी कापून हातयंत्रावर दाबतो आणि ग्लास लगेच हातात देतो, ते उगाच नाही.

प्रतिसाद २
आमची बाग आहे. कोवळ्या फळात कडूपणा जास्त, पिकेल तसा कमी होतो. हिरवट आहेत त्या आठवडाभर थांबवून फायदा नाही, मोसंबी झाडावरून उतरली की आंब्यासारखी पिकत नाही. पिवळसर, वजनदार निवडून आधी वापरा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. काल दोन पेले केले, एक मिक्सरचा, एक पुरणाच्या चाळणीवर हाताने दाबलेला, बिया काढून. आज सकाळी मिक्सरचा बेसिनमध्ये ओतला. दुसरा पिण्याजोगा, पण शेवटी किंचित कडू लागलाच. आता रात्री फोडी सोलून बिया काढून डब्यात ठेवते, सकाळी सासूबाई चाळणीवर स्वतः दाबतात. आज फोनवर म्हणाल्या, "तीन बिया राहिल्या होत्या गं."