मदत हवी आहे : नाताळसाठी बेडरूम कशी सजवू? (खोली एक, मालक दोन)

मोरपीस
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, दोन बेडरूमचं भाड्याचं घर आहे. लेक सात वर्षांची. दरवर्षी हॉलमध्ये तीन फुटी प्लास्टिकचं झाड उभं केलं की आमचा नाताळ साजरा होतो. यंदा वर्गातल्या कुणाच्या तरी खोलीत म्हणे छतापासून पलंगापर्यंत दिवेच दिवे लावलेत. झालं, आता बेडरूम सजवायची टूम निघाली आहे.

अडचण अशी की 15 तारखेला कोल्हापूरहून सासू-सासरे येताहेत आणि ते लेकीच्याच खोलीत झोपणार. बाईसाहेब आमच्या खोलीत गादीवर. पण खोली 'माझी' आहे, त्यामुळे माघार नाही.

भिंतींना वॉलपेपर आहे, खिळे ठोकायला करारात बंदी. आधीच्या घरात पोस्टर लावायच्या चिकट गोळ्यांचे तेलकट डाग पडले आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, तेव्हा तीही चूक पुन्हा नको. सासूबाई रात्री दोनदा उठतात, पायात वायर यायला नको. लुकलुक चालू असली की त्यांना झोपही लागत नाही. आबांना दमा आहे, म्हणजे सुगंधी मेणबत्त्या, फवारे बाद. खर्च 30 पौंडांच्या आत बसवायचा आहे. लक्ष्मी रोडवरून आणलेल्या दिवाळीच्या दोन माळा पडून आहेत, दोन पिनवाल्या. त्या चालतील का? आगाऊ धन्यवाद.

आगाऊ_पाहुणा
सासू-सासऱ्यांना हॉलमध्ये झाडाशेजारी झोपवा, खोली लेकीला द्या. सगळेच प्रश्न सुटले. (दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

कडुलिंब
माळांचं आधी सांगतो. व्होल्टेज दोन्हीकडे 230च, त्यामुळे पेटतील. पण तिकडच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या दोन पिनला नसतो, आणि स्वस्त माळेची वायर किती बारीक असते ते आपण सगळे जाणतो. प्रवासाच्या अडॅप्टरमध्ये खुपसून पलंगाच्या उशाशी रात्रभर ठेवू नका. दिवाळीत आपण माळ लावून जागे असतो, माळेखाली झोपत नाही. बेडरूमला पाच व्होल्टची यूएसबीवाली किंवा बॅटरीवाली एलईडी माळच बरी.

खडीसाखर
मी लंडनमध्ये अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आहेत, म्हणून अधिकारवाणीने सांगते : भिंतीला हातच लावू नका. त्या ओढून काढायच्या पट्ट्या रंगवलेल्या भिंतीवर ठीक, वॉलपेपरवर लावल्या तर कागदासकट निघतात. पडद्याचा दांडा, पलंगाचं डोकं, कपाटाचा माथा आणि दार एवढ्या चार जागा पुरतात. दारावर वरून अडकवायचा हूक मिळतो, त्याला हिरवं कडं (रीथ) टांगा. खिडकीखाली रेडिएटर असेल तर कागदी तोरण तिथे नको.

माळ टायमरवाली घ्या. बहुतेकींत सहा तास चालू, अठरा तास बंद असं असतं. तुमच्याकडे आता चारच्या सुमारास सूर्य मावळतो. चारला बटण दाबलंत की रोज दहाला आपोआप विझेल. रंग पिवळसर, आणि लुकलुक न करणारी. सासूबाईंसाठी पलंग ते दार या वाटेवर हालचाल ओळखून पेटणारा एक छोटा दिवा ठेवा. सजावट म्हणून नाही, पण घरात सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच होईल.

आणि सांताच्या भेटींसाठीचा पायमोजा विसरू नका! इथे मुलं तो पलंगाच्या पायथ्याशीच टांगतात. बेडरूमची खरी सजावट तीच.

गुळवेल
वरच्या सगळ्याला +1. एक भर : बॅटरीवाल्या माळेत नाण्यासारखा चपटा सेल असेल तर झाकणाला स्क्रू आहे ना बघून घ्या. मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. घरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. सात वर्षांची असली तरी तिच्याकडे खेळायला येणारी पिटुकली भावंडं असतात. पेन्सिल सेलचा डबा बरा.

वसईची_वेलची
आमच्याकडे वसईत बेडरूम कोणी सजवत नाही हो. दारात चांदणी, घरात गोठा (येशूजन्माचा देखावा), आणि स्वयंपाकघरात फराळाची धांदल. पण तुमच्या खोलीसाठी एक सुचवते. खिडकीच्या कट्ट्यावर बूटांच्या खोक्याचा छोटा गोठा करा. त्यातलं गवत आम्ही पेरतो : बशीत माती, वर नाचणी किंवा गहू, रोज पाण्याचा शिडकावा. साधारण आठ-दहा दिवसांत हिरवंगार होतं. तुमच्या सासूबाईंनी घटस्थापनेला हेच केलेलं असणार, त्यांना मुद्दाम शिकवावं लागणार नाही. बाळ येशूला मात्र 24च्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच (चर्चमधल्या उपासनेनंतर) गव्हाणीत ठेवायचं, तोवर ती रिकामी. मुलांना ती वाट बघण्याची गंमत फार आवडते.

मोरपीस
खूप आभार सगळ्यांचे! दिवाळीच्या माळा परत खोक्यात गेल्या. टायमरवाली एक माळ पलंगाच्या डोक्याला लावतेय, कडं दारावर, मोजे तीन (आजी-आबांनाही हवेत, असा हुकूम आहे). आबांना फोनवर गोठ्याचं सांगितलं तर ते तिकडूनच खोक्याची मापं विचारताहेत. वेलचीताई, काल घरात खिरीसाठी आणलेले गहू पेरले, चालतील ना?

वसईची_वेलची
नाही चालणार, ते सडलेले, म्हणजे कांडून साल काढलेले असतात, उगवत नाहीत. अख्खे घ्या, देशी दुकानात मिळतील. 15ला पेरलेत तरी 24पर्यंत होईल. आजींच्याच हातून पेरा.