पोळ्याचा फोटो : फक्त झूल लाल ठेवायची आहे, कशात करू?

ढवळ्यावाला
गावच्या तोरणाखाली काढलेला फोटो आहे. बाबा कासरा धरून उभे, बाजूला ढवळ्या, अंगावर लाल झूल. बाकी सगळं काळंपांढरं करून झूल तेवढी लाल ठेवायची आहे. मोबाइलच्या एका अ‍ॅपात 'लाल सोडून सगळे रंग काढा' केलं. झूल राहिली, पण बाबांचे ओठ, कपाळाचा गुलाल न् मागं उभा शेजाऱ्याचा ट्रॅक्टरही लालच! चेहऱ्याला तर ठिगळं लावल्यावानी दिसते. फुकटातलं काही सुचवा. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबीचा.

बाभूळबन
भाऊ, अ‍ॅपला ट्रॅक्टर काय न् झूल काय, दोन्ही लाल. माणसाची कातडीही नारिंगी-लालच्या पट्ट्यातच येते, म्हणून चेहरा अर्धवट राहतो. हे काम ब्रशनंच होते.

मोबाइलवर स्नॅपसीड हे फुकट अ‍ॅप टाका. ब्लॅक अँड व्हाइट लावून टिक करा. मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन त्याच ब्लॅक अँड व्हाइटवर बोट ठेवा, ब्रशचं चिन्ह येईल. तिथं इन्व्हर्ट दाबा, ब्रशचा आकडा (काळंपांढरं किती ठेवायचं तो) ० वर आणा आणि झुलीवर बोट फिरवा. रंग परत येतो. काठाजवळ फोटो मोठा करून फिरवा, झूम केलं की ब्रश बारीक होते.

अल्बमवाला
लग्नाच्या अल्बमात शालू लाल न् नवरदेव काळापांढरा असं इतकं करून दिलं की आता बघवत नाही. पण पोळ्याच्या फोटोला शोभेल, कारण आपली काळी जमीन न् पांढरा बैल, अर्धं काम आधीच झालेलं. मी तर बाकीचे रंग पुरते मारत नाही, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उणे ७० वर सोडतो.

तुरीचं_वावर
लॅपटॉपवर गिम्प हे फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर चालून जाईल. थर डुप्लिकेट करायचा, वरचा डिसॅच्युरेट म्हणजे काळापांढरा करायचा, त्याला पांढरा लेअर मास्क (थराचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा पडदा) लावायचा आणि झुलीवर काळा ब्रश, तिथं खालच्या थराचा रंग दिसतो. हात घसरला तर एक्स दाबून पांढरा घ्या, पुसलेलं परत येते. मूळ फोटोला धक्का नाही.

आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर पाठवणाऱ्याकडून डॉक्युमेंट म्हणून परत मागवा. जेपीजीमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठते. व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून लहान केलेल्या फोटोत झुलीचा लाल काठाबाहेर पसरलेला दिसतो.

ढवळ्यावाला
डॉक्युमेंट मागवलं, स्नॅपसीडनं केलं. ट्रॅक्टर गेला एकदाचा. पण झूल आता वरून चिकटवल्यावानी दिसते. काऊन?

बाभूळबन
ढवळ्याच्या पोटाकडं बघा. मूळ फोटोत झुलीची लाल झाक पांढऱ्या कातडीवर पडली असेल, ती तुम्ही मारून टाकली. ब्रश ७५ वर ठेवून काठाखाली एक हलका हात मारा, थोडी झाक परत येईल.

ढवळ्यावाला
जमलं बावा! पोटाखाली झाक आली न् झूल अंगावर बसली. बाबांना दाखवला, तर म्हणाले, "ढवळ्याच्या खांद्यावरची हळद कुठं गेली? खांदशेकणी मीच केली होती ना." आता पिवळाही ठेवू का?

अल्बमवाला
ठेवा. आकडा ५० वर घेऊन तेवढ्या खांद्यावर ब्रश फिरवा. मालकाचा हुकूम आहे.