टॅबलेटला कीबोर्ड जोडला म्हणून तो लॅपटॉप होत नाही

अनुवादिनी
काल मैत्रिणीने विचारलं, "लॅपटॉप मोडीत निघालाय. टॅबलेट आणि वर कीबोर्डचं कव्हर घेतलं तर भागेल ना?" हाच प्रयोग करून मी दोन वर्षं मनस्ताप सोसलाय, म्हणून उत्तर इथेच लिहिते. नाही भागत. कुणाचंही पहिलं यंत्र लॅपटॉपच असावं.

मी भाषांतरं करते. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझा, मधूनमधून शब्दकोश. अकरा इंचांच्या पडद्यावर ही तिन्ही एकत्र नांदत नाहीत. शब्दकोश पाहून परत यावं तर मूळ मजकूर पुन्हा पहिल्या पानावर, कारण मेमरी अपुरी पडली की टॅबलेट मागे उघडी असलेली ॲप्स परस्पर बंद करतो. वर्डमधले मॅक्रो, म्हणजे तीच तीच कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, त्यावर चालत नाहीत. जुन्या भाषांतरांतली वाक्यं सुचवणारं माझं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि हे मी घेण्याआधी तपासलं नव्हतं. सगळ्यात महाग पडलेली चूक ही.

हलका असतो म्हणावं, तर तेही कीबोर्ड लावेपर्यंतच. १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून सुमारे १.४ किलो भरतात. एम१ चिपचा मॅकबुक एअर १.३ किलोच्याही आत आहे. मागे टेकू लावून उभं राहणारं कव्हर असेल तर ते मांडीवर ठरत नाही. टेबल नसेल तिथे काम थांबतं.

२०१० साली पहिला आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्ज मंचावर कोचात बसले होते. फोन आणि लॅपटॉप यांच्यामधली तिसरी वस्तू म्हणून त्यांनी तो मांडला. त्याची जागा मला आजही तीच वाटते.

गणितवेडा
साफ असहमत. तुम्ही सगळं टायपिंगच्या मापाने मोजताय. मी गणित शिकतो. व्याख्यान चालू असताना समाकलनाची चिन्हं, बाण, आकृत्या कोण टाइप करणार? पेनने लिहितो, तळहात पडद्यावर टेकला तरी रेघ उमटत नाही, चुकलेली ओळ गोल करून खाली सरकवता येते. लॅपटॉप होता तेव्हा मी कागदावर लिहायचो आणि रात्री पानांचे फोटो काढत बसायचो.

आता वाचनाचं बघू. माझी बहुतेक टिपणं ए४ आकाराच्या पीडीएफमध्ये असतात. ए४ची उंची २९७ मिमी. १६:९ प्रमाणाचा चौदा इंची लॅपटॉप घेतला तर पडद्याची उंची भरते जेमतेम १७४ मिमी, म्हणजे अख्खं पान बघायचं तर ते मूळच्या ५९ टक्क्यांवर येतं. ४:३ प्रमाणाचा अकरा इंची टॅबलेट उभा धरा: उंची २२३ मिमी, पान ७५ टक्के. लहान यंत्रावर पान मोठं दिसतं! इंच हे कर्णाचं माप आहे. त्यावरून पान किती मोठं दिसेल ते कळत नाही, त्यासाठी लांबी-रुंदीचं प्रमाण बघावं लागतं. हे घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

अनुवादिनी
हिशेब बिनचूक आहे. पण अख्खं पान एकदम कशाला हवं? सरकवत वाचलं तर त्याच लॅपटॉपवर रुंदी ३१० मिमी मिळते आणि अक्षर मूळ कागदाहून जवळजवळ दीडपट मोठं दिसतं. दिवसभर वाचायचं असेल तर डोळ्यांना तेच बरं.

गणितवेडा
कादंबरी असती तर मानलं असतं. सिद्धतेची शेवटची ओळ वाचताना वरचं समीकरण नजरेसमोर लागतं. सरकवलं की ते जातं.

पेचकस
दोघंही पडद्याबद्दलच बोलताय. मी यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे माझी नजर आत जाते. बहुतेक टॅबलेटांत बॅटरी चिकटवलेली असते, मेमरी आणि स्टोरेज बोर्डावरच पक्कं बसवलेलं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांतही मेमरी अशीच असते. जे वाढवता येणार नाही ते पहिल्या दिवशीच पुरेसं घ्यावं लागतं. कागदोपत्री विंडोज ११ला ४ जीबी रॅम (म्हणजे हीच मेमरी) आणि ६४ जीबी स्टोरेज पुरतं. अशा यंत्रावर अपडेट आलं की जागाच उरत नाही आणि लोक रडकुंडीला येऊन माझ्याकडे येतात. ८ जीबीच्या खाली जाऊ नका, रॅम पक्की बसवलेली असेल तर १६ घ्या. स्टोरेजच्या जागी "ईएमएमसी" (स्वस्त, संथ प्रकारचं स्टोरेज) लिहिलं असेल तर ते मशीन सोडा, एसएसडी (त्याहून वेगवान प्रकार) बघा.

दुसरं, आयुष्य. विंडोज १०चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं अशा अटींवर बाहेर पडली. क्रोमबुकच्या (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या) २०२१पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ती दहा वर्षं तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत. पडून राहिलेला जुना साठा घेतला तर त्यातली दोन-तीन वर्षं आधीच सरलेली असू शकतात.

माझं मत विचाराल तर कार्यालयांतून निघालेला, विंडोज ११ चालेल असा वापरलेला लॅपटॉप घ्या. कीबोर्ड दणकट असतो आणि एसएसडी, बॅटरी बदलता येते.

टेकू
मधला मार्ग कुणीच बोलत नाही. सर्फेस प्रोसारखं यंत्र घ्या: पूर्ण विंडोज, पेन, कीबोर्ड निघतो. अनुवादिनींचं सॉफ्टवेअरही चालेल आणि गणितवेड्यांचं पेनही.

पेचकस
चालेल. पण ते उघडायला माझ्याकडे आणू नका. त्याच्या पाठीमागचा आधारही मांडीवर डुगडुगतोच, वर अनुवादिनींनी कव्हरबद्दल सांगितलंय तसं. पेन रोज लागत नसेल तर त्यापायी बाकी सगळ्यात तडजोड कशाला?

टेकू
मला रोज लागतं. आराखड्यांवर खुणा करून लगेच तीच फाइल पूर्ण सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. ही तडजोड मी समजून-उमजून केली आहे.

सांजवेळ
मी वादात पडत नाही, पण "कुणाचंही पहिलं यंत्र लॅपटॉपच" हे वाक्य टोचलं. माझ्या बाबांचे हात थरथरतात. टचपॅडवरचा बाण त्यांना जागेवर ठेवता येत नव्हता, दोनदा टिचकी मारायला जावं तर फाइल भलतीकडे ओढली जायची. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटून ठेवला आणि पत्रंही बंद झाली. टॅबलेटवर आम्ही अक्षर मोठं केलं आणि स्पर्श किती वेळ टिकला तर तो धरायचा, ते सेटिंगमध्ये वाढवून दिलं. आता ते बोलून पत्र लिहितात. बोट लागेल तिथे काम होतं, मध्ये बाण नाही. दोन पानं लिहितात, कधी तीन. त्यांच्या हातात लॅपटॉप देऊन काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

अनुवादिनी
सांजवेळ, तुमचा प्रतिसाद सकाळपासून तीनदा वाचला. "कुणाचंही" हा शब्द मी मागे घेते. लिहिताना डोळ्यांपुढे फक्त माझं टेबल होतं.

भाषांतर करणाऱ्यांसाठी मात्र माझं म्हणणं तसूभर बदललेलं नाही. मैत्रिणीला संध्याकाळी फोन केला तेव्हा आधी विचारलं, दिवसभर करतेस काय त्यावर? म्हणाली, विद्यार्थ्यांच्या वह्यांची पानं तपासते, समासात शेरे लिहिते, आणि महिन्यातून एकदा गुणांचा तक्ता करते. तक्त्यासाठी शाळेत संगणक आहे. मी तिला गणितवेड्यांचा ए४चा हिशेब वाचून दाखवला.

गणितवेडा
पेन सोबत येतं की वेगळं घ्यावं लागतं, ते आधी बघायला सांगा. आणि ते त्याच मॉडेलला चालतं का, हेही. माझं पहिलं चालत नव्हतं.