ओटीजीत स्ट्रॉबेरी बार: खालचा थर ओला राहू नये म्हणून काय करावं?

संथ_रविवार
नमस्कार मंडळी. नागपुरात सध्या गोकुळपेठच्या बाजारात, सिताबर्डीत, जिकडेतिकडे स्ट्रॉबेरीचे डबे आले आहेत. थंडी आहे तोवर दर रविवारी संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी मिळून काहीतरी साधं भाजायचं आणि चहाबरोबर खायचं, असा नेम धरायचा विचार आहे. क्रीम, सजावट असलं काही नको. खाली बिस्किटासारखा थर, मध्ये स्ट्रॉबेरी, वर खरबरीत चुरा आणि चौकोनी तुकडे, बस. अंडं चालणार नाही.
नेटवरच्या पाककृती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी कच्ची फळं चिरून टाकतं, कोणी शिजवून. कुठे सोडा आहे, कुठे नाही. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी ग्रॅममध्ये प्रमाण आणि ओटीजीचं (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनचं) तापमान सांगाल का? खालचा थर ओला आणि पिठाळ राहतो अशी तक्रार फार वाचली, त्याचं कारणही कळलं तर बरं होईल.

भट्टीवाली
कारणापासून सुरू करते, कारण ते कळलं की पाककृती आपोआप कळते. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कच्च्या फोडींवर साखर पडली की ते पाणी बाहेर येतं, आणि ओव्हन तापून कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायच्या आधीच खालच्या कच्च्या पिठात मुरतं. पीठ मग भाजलं जात नाही, उकडलं जातं. म्हणून दोन गोष्टी करायच्याच: सारण आधी शिजवून पूर्ण गार करायचं आणि खालचा थर आधी एकटा भाजून घ्यायचा.

थर आणि चुरा एकाच मिश्रणाचा. मैदा १८० ग्रॅम, साधे रोल्ड ओट्स ७० ग्रॅम (झटपट शिजणारे नकोत, त्यांचा भुगा होतो), पिठीसाखर नव्हे तर बारीक दाण्याची साखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव टीस्पून, थंड लोणी १४० ग्रॅम. बाजारातलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. ते वापरलं तर वेगळं मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर पाव टीस्पून मीठ.
बटरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि कोरड्या मिश्रणात बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, तो गरम असतो. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला की फुटावा, नानकटाईच्या पिठाला मोहन पुरेसं झालंय का हे जसं पाहतो तसंच. दूध-पाणी काही घालायचं नाही. तिसरा हिस्सा चुऱ्यासाठी काढून फ्रिजमध्ये ठेवा.

सारणाला स्ट्रॉबेरी ४०० ग्रॅम (देठ काढून), साखर ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दोन सपाट टेबलस्पून म्हणजे १६ ग्रॅम, लिंबाचा रस एक टेबलस्पून. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा स्टार्च, भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे. निम्मी फळं चिरून साखरेबरोबर मध्यम आचेवर ठेवा. सात-आठ मिनिटांत रस सुटून उकळेल. कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून धार सोडा आणि ढवळत राहा. बुडबुडे यायला लागल्यावर एक मिनिट पूर्ण उकळू द्या. त्याआधी उतरवलं तर पिठाची कच्ची चव राहते, आणि फार वेळ उकळलं तर आलेला घट्टपणा फळांच्या आंबटपणामुळे पुन्हा सुटतो. गॅस बंद केल्यावर लिंबाचा रस आणि उरलेल्या फोडी घाला. अशाने सारणात घट्ट रसही मिळतो आणि दाताखाली फळही येतं.
भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियममध्ये आंबट फळ शिजवलं की रंग मळकट होतो. सोडाही याच कारणासाठी नको. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आम्लात टिकतो, सोडा लागला की जांभळट-करडा दिसतो.

ओटीजी १८० अंशांवर, दोन्ही रॉड सुरू, १५ मिनिटं आधी तापवून. टिनमध्ये बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी बाहेर लोंबेल. दोन हिस्से मिश्रण वाटीच्या बुडाने सपाट दाबा, काट्याने टोचा, मधल्या खणात १५ मिनिटं भाजा. कडा फिकट बदामी दिसल्या की बाहेर काढा, गार सारण पसरा, वर थंड चुरा भुरभुरवा आणि आणखी ३० मिनिटं. सारण गरम असेल तर वरच्या चुऱ्यातलं लोणी भाजण्याआधीच वितळतं आणि चुऱ्याचा सपाट लेप होतो. खालचा थर गरम असला तरी बिघडत नाही.

फळबाजार
भट्टीवालीताईंनी सगळं नेमकं सांगितलंय, मी फळापुरतं जोडतो.
आपल्याकडे येणारी बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीची. सातारा जिल्ह्यातून नागपूरपर्यंतच्या प्रवासात खालचा थर दबतो. म्हणून डबा घेताना उलटा करून बुडाशी बघा. रस सुटलेला दिसला तर ठेवून द्या. वरची रांग नेहमीच देखणी असते. चिखलदऱ्याची मिळाली तर जरूर घ्या. अंतर कमी असल्याने फळ शेतावर जास्त पिकू देता येतं, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याचा माल आपल्या ताटात येतो याचं समाधान वेगळंच.
देठाजवळ पांढरी राहिलेली फळं ‘घरी पिकतील’ म्हणून घेऊ नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, नुसती मऊ पडते. बारला मोठी फळं मुळीच लागत नाहीत. लहान, गडद, थोडी आंबट हवीत. मोठी पाणचट निघाली तर साखर वाढवू नका, लिंबू अर्धा टेबलस्पून वाढवा. चव साखरेने नाही, आंबटाने उठते.
धुणं आयत्या वेळी, आणि देठासकट. देठ आधी काढला तर त्या खड्ड्यातून पाणी आत जातं. धुतल्यावर पंचावर पसरून कोरडी करा, मग देठ काढा. डबे साधारण २०० ग्रॅमचे असतात, देठ आणि खराब फळं जाऊन ४०० ग्रॅम हवं तर तीन आणा. उरलेली चहा होईपर्यंत संपतातच.
एक सुचवतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री बाजारात असतात. संत्र्याची साल सोलायच्या आधी बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवा, नुसता केशरी थर घ्या, पांढरा कडू असतो. अर्धा टीस्पून कीस साखरेत चोळून मग ती साखर सारणात घाला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोललेल्या सालीवर किसणी चालत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा.

संथ_रविवार
ताई, दादा, मनापासून आभार. हेच हवं होतं. तीन शंका राहिल्या. घरी कढवलेलं तूप भरपूर आहे, ते बटरऐवजी चालेल का? मैदा थोडा कमी करता येईल का? आणि माझ्या बहिणीकडे ओव्हनच नाही, तिला कढईत जमेल?

तूपसाखर
तूप चालतं, पण वजनाला वजन नाही. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. तुपात पाणी नसतंच. १४० ग्रॅम बटरच्या जागी ११५ ग्रॅम तूप घ्या आणि चोळून झाल्यावर एक टेबलस्पून थंड दूध शिंपडा, नाहीतर मिश्रण वाळूसारखं राहून तुकडा कापताना कोसळतं. मीठ पाव टीस्पून घालावंच लागेल.
तूप थिजलेलं, रवाळ हवं. जानेवारीच्या थंडीत बरणीतलं तसंच चालतं, मार्च लागला की अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पातळ तूप पिठात घातलं तर चुरा होत नाही, चिकट गोळा होतो.
घरचं ताजं लोणी मात्र मी सुचवणार नाही. त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय याचा नेम नसतो, एका रविवारी थर खुसखुशीत आणि दुसऱ्या रविवारी चिवट. ते कढवून तूपच करा.
मैद्याचं म्हणाल तर १८० पैकी ४५ ग्रॅम ज्वारीचं पीठ खुशाल घाला. चव फार छान लागते, स्ट्रॉबेरीच्या आंबटपणाला ज्वारीचा गोडसर खमंगपणा धरून राहतो. त्याहून जास्त नको, ज्वारीत ग्लुटेन नाही, तुकडे धरत नाहीत. कणीक निम्म्यापर्यंत चालते. ती ओल जास्त शोषते म्हणून दूध एक टीस्पून वाढवा.

कढईभट्टी
बहिणीला नक्की जमेल, फक्त कढईचा स्वभाव ओव्हनच्या उलट असतो हे लक्षात घ्यायचं. उष्णता सगळी खालून येते, त्यामुळे खालचा थर लवकर होतो आणि वरचा चुरा फिकट राहतो.
जाड बुडाची जुनी कढई घ्या, नॉनस्टिक नको, कोरडी तापवली की तिचा लेप खराब होतो. तळाशी पेरभर जाड मीठ, त्यावर कुकरची जाळी किंवा स्टीलचं रिंगण, घट्ट झाकण, मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. टिन सात इंची गोल आणि सगळं प्रमाण वरच्याच्या साधारण साठ टक्के. कढईच्या कडेला आणि टिनला सगळीकडून दोन बोटं अंतर हवं.
खालचा थर मंद आचेवर १५ मिनिटं, मग सारण आणि चुरा घालून ३५ ते ४० मिनिटं. आता खरी अडचण. सारणाची वाफ झाकणाला लागून चुऱ्यावर ठिबकते. झाकणाला आतून सुती कापड बांधा, टोकं वर घेऊन गाठ मारा, ज्योतीजवळ लोंबू देऊ नका. चुरा बदामी व्हावा म्हणून तो आधीच कोरड्या तव्यावर मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतून घ्यायचा, फिकट सोनेरी झाला की उतरवायचा. त्याचे गोळे थोडे फुटतात, पण कच्च्या पांढऱ्या चुऱ्यापेक्षा ते परवडतं. हे मीठ नंतर स्वयंपाकात वापरू नका, बरणीत भरून पुढच्या रविवारसाठी ठेवा.
ज्यांच्याकडे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे त्यांनी १७० अंश आणि खालची जाळी. पंख्यामुळे वरचा भाग लवकर रंगतो.

संथ_रविवार
झाकणाच्या कापडाचं बहिणीला लगेच कळवलं. आता शेवटचं: हे सगळं एका संध्याकाळी बसवायचं तर दमछाक होईल असं दिसतंय. आणि कापताना तुकडे मोडू नयेत म्हणून काय करायचं?

भट्टीवाली
एका संध्याकाळी बसवूच नका. हा नेम टिकायचा असेल तर कामाची वाटणी दोन दिवसांत करा, आणि योगायोगाने पदार्थालाही तेच हवं आहे. सारण शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर. पंधरा-वीस मिनिटांचं काम, गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये. घरात स्ट्रॉबेरीचा वास दरवळतो आणि रविवारची वाट बघणं तिथूनच सुरू होतं. रविवारी फक्त चोळणं, दाबणं, भाजणं. चोळायचं काम मुलांना किंवा घरातल्या आजींना द्या. त्यात मोजमाप नाही, घाई नाही, बोटांना थंड लोणी लागत राहतं आणि गप्पा चालू राहतात. मला या सगळ्यातला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून फूड प्रोसेसर असला तरी इथे काढू नका. शिवाय मशीन दोन सेकंद जास्त फिरलं की लोण्याचे कण संपतात आणि थर कडक होतो.

कापण्याबद्दल. ओव्हनमधून काढल्यावर टिनमध्येच एक तास जाळीवर, मग एक तास फ्रिजमध्ये. गरम असताना सारण वाहतं, ते बिघडलेलं नसतं, स्टार्च गार झाल्यावरच धरतो. म्हणून सहाच्या चहाला हवे असतील तर तीनला ओव्हन लावा. कागदाची टोकं धरून अख्खी वडी उचला, लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि वरून सरळ दाबून कापा, करवतीसारखी पुढेमागे ओढू नका. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. चार बाय चार, सोळा तुकडे होतात.
खालचा थर तरीही ओला वाटला तर तापमानावर संशय घ्या. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत बऱ्याचदा फरक असतो. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर महाग नसतो, तो एकदा आणा. फरक कळला की बटण तेवढं पुढेमागे करायचं. वर रंग आला आणि खाली नाही, असं झालं तर टिन एक खण खाली घ्या.

टिकण्याचं सांगायचं तर थंडीत बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये बंद डब्यात चार दिवस. दुसऱ्या दिवशी चुरा मऊ पडतो, १५० अंशांवर आठ मिनिटं ठेवला की पुन्हा खुसखुशीत. तयार बार फ्रीझरमध्ये ठेवू नका, कॉर्नफ्लोअरचं सारण वितळताना पाणी सोडतं. ठेवायचेच असतील तर त्या वेळी कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढ्याच वजनाचा साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून, चाळून घ्या. तो फळ-साखरेत आधीच मिसळून १५ मिनिटं भिजू द्या, मग पारदर्शक होईपर्यंत शिजवा. हे सारण फ्रीझर बऱ्यापैकी सोसतं आणि दिसायलाही जास्त चकचकीत.
कच्चा चुरा मात्र पिशवीत भरून महिनाभर फ्रीझरमध्ये खुशाल ठेवा. दुप्पट करून ठेवला तर पुढच्या रविवारी फक्त सारण उरतं. एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरी संपली की गोठवलेली वापरा. वितळवत बसू नका, थेट पातेल्यात टाका, रस जास्त सुटेल म्हणून कॉर्नफ्लोअर घालण्याआधी चार-पाच मिनिटं जास्त आटवा.