अनुभव धागा: कलाकारांच्या गल्लीतलं देखणं हॉटेल, राहिलात का कधी?

जास्वंद_अंगणी
भाचीचं लग्न ठरलंय. तिने जाहीर केलं, "मावशी, बीच नको. पणजीत फोंताइन्हासमध्ये, त्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत राहायचं, ते छोटं मस्त हॉटेल असतं ना तसलं." लगेच आमचा मुक्काम आठवला. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव चालू असताना गेलो होतो, आई बरोबर.
पोर्तुगीज काळातलं घर. जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंती, पलंग इतका उंच की आईला चढायला स्टूल मागवलं. खिडकीला काच नाही, लाकडी चौकटीत शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले. दुपारी खोलीत दुधात हळद घातल्यासारखा उजेड. डोक्याशी एका नवीन चित्रकाराचं चित्र, खाली किमतीची चिठ्ठी. ती वाचल्यापासून नवऱ्याने त्या बाजूला ओला टॉवेलसुद्धा नेला नाही.
पण खरी मजा बाहेर. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा, मग समोरच्या बाई दारात झाडायला. त्यांच्या पायरीवर एक जोडपं पोझ देत बसलेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "उठा, मला केर काढायचाय." मग आमच्याकडे बघून, "रोजचंच आहे."
तुम्ही राहिलात का अशा ठिकाणी, कुठल्याही गावात? लिहा, भाचीला वाचून दाखवते.

मिरची_भजी
बादली होती का?

जास्वंद_अंगणी
हाहा, मागितल्यावर आली. पितळी! मग नसती मागितली तर बरं, उचलेना.

सह्यकडा
फोर्ट कोची. बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कला प्रदर्शनाच्या वेळी. जुना डच वाडा, मधे अंगण, आंब्याचं झाड. अॅस्पिनवॉल हाऊस, प्रदर्शनाची मुख्य जागा, चालत पाच-सात मिनिटं, म्हणून घेतलं. पूर्वी तिथे एका इंग्रज कंपनीची मसाल्याची, नारळाच्या मालाची वखार होती, आता त्याच गोदामांत कलाकृती मांडतात. आपल्याकडच्या लोकांना सांगायला आवडतं म्हणून सांगतो, 2012 साली बिएनाले सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघेही मुंबईच्या जे. जे. चे विद्यार्थी.
हॉटेलबद्दल तक्रार एकच, दिवे. सगळे पिवळे आणि मंद. चष्मा लावूनही पेपर वाचता येईना. विचारलं तर म्हणे "अॅम्बियन्स".

मिरची_भजी
+1 दिवे. आणि ती काचेची बाथरूम कोणी काढली? सासूबाई बरोबर होत्या आमच्या. पुढचं लिहीत नाही.

जास्वंद_अंगणी
लिही गं लिही

मिरची_भजी
चादर बांधली. बास. कुकरची शिट्टी झाली, येते.

दूरदेशी
मायामी, विनवूड. लेकीने बुक केलेलं. सासरे भारतातून आलेले, आयुष्यभर पीडब्ल्यूडीत. खोलीत शिरले, वर बघितलं, उघडे पाइप, उघड्या वायरी, भिंतीला गिलावा नाही. "प्लास्टर राहिलंय का यांचं? मग ताबा कसा दिला?" लेक हसून लोळायची बाकी. दुसऱ्या दिवशी मात्र विनवूड वॉल्सची भित्तिचित्रं बघताना हलेनात. एवढी उंच भिंत रंगवायला परांच्या कुठे बांधल्या असतील, हाच विचार!
भाग आधी पोर्तो रिकोहून आलेल्यांचा, कपड्यांची गोदामं. 2009 पासून भिंती रंगल्या, मग कॉफीची दुकानं, मग हॉटेलं, मग भाडी अशी चढली की बरेच चित्रकार तिथून हलले. आमच्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये चित्र होतं, चित्रकार बहुधा तासभर लांब राहत असावा.

बोरीबंदरकर
मी मुंबईचाच, पण लग्नाच्या वाढदिवसाला काळा घोड्याजवळ खोली घेतली. मुलं म्हणाली, बाबा, लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या गावात हॉटेल कशाला? सांगतो कशाला. रविवारी सकाळी सहाला बाहेर पडा. डेव्हिड ससून लायब्ररीच्या समोरचा रस्ता मोकळा, पलीकडे निळं सिनेगॉग, चित्रं लावणारे अजून यायचेत. आयुष्यभर तो रस्ता घाम पुसत ओलांडला, त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.
फक्त जहांगीर आर्ट गॅलरीत गेलो की तिथलं सामोवार कॅफे नाही हे अजून टोचतं.

सह्यकडा
सामोवार!! 2015 ला बंद झालं ना. पराठा आणि पुदिन्याचा चहा घेऊन दुपारभर बसायचो, कोणी उठवायचं नाही.

बोरीबंदरकर
आणि पुढच्या वर्षी ऱ्हिदम हाऊस, ते गाण्यांच्या कॅसेट-सीडीचं दुकान. एकामागोमाग एक.

पावशेर
विषय निघालाच आहे तर, तिथली वॉटसन हॉटेलची इमारत पाहा. लोखंडी सांगाडा इंग्लंडमधून बनवून आणलेला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट तिथेच दाखवले, भारतात पहिल्यांदा. त्या काळातलं सगळ्यात स्टायलिश हॉटेल, आणि आज खालून जाताना वर बघत जावं लागतं, काही पडेल म्हणून.

मिरची_भजी
तिथेच टाटांना आत घेतलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं ना?

पावशेर
सांगोवांगी आहे ते. पुरावा कोणी दाखवत नाही, गोष्ट मात्र प्रत्येक गाइड सांगतो.

बोरीबंदरकर
आमच्या गाइडने तर संवादासकट सांगितली :)

काजू_फेणी
पणजीकर बोलतेय. जास्वंदताई, भाचीला सांगा, जरूर ये, पण फोंताइन्हासमध्ये लोक राहतात. दुपारी दोन ते चार झोपतात. दारावर फोटो नको असं लिहिलेलं असेल तर नको. सगळ्यांना रंगीत भिंत हवी, चर्च तेवढी पांढरी ठेवायची आणि घरं रंगवायची ही पोर्तुगीज काळापासूनची चाल, पण पावसाळ्यानंतर रंग द्यायला किती खर्च येतो ते मला विचारा.
सेंट सेबॅस्टियनच्या चॅपलमध्ये जा. तिथला क्रुसावरचा येशू डोळे उघडे असलेला आहे, जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातून आणलेला. बहुतेक लोक बाहेरूनच सेल्फी काढून जातात.

जास्वंद_अंगणी
ताई, लाख मोलाचं. आत गेलो होतो आम्ही, पण डोळ्यांचं कोणी सांगितलंच नव्हतं. आई मात्र म्हणालेली, "हा बघतोय आपल्याकडे."

दूरदेशी
डास आहेत का तिथे? खाडी जवळ दिसतेय नकाशात.

काजू_फेणी
ओरेमची खाडी. डास आहेत. ओडोमॉस आणा, आमच्यासाठीपण आणा.

सह्यकडा
गाडी कुठे लावायची?

काजू_फेणी
गल्लीत आणूच नका. खाडीकाठच्या रस्त्यावर लावा आणि चाला. बॅग चाकांची नको, आवाजाने शेजारी खिडकीत येतात.

मिरची_भजी
आले परत. भात करपला. भाचीला आहेर काय देतेयस गं?